मखमलाबादची फेरी

मास्तर,

तुम्ही माझी मखमलाबादची फेरी काढून घेतलीत, त्या सकाळी माझं सगळं बदललं. साडेनऊ वाजले असतील. द्वारका नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात टेबलावर तुम्ही दोऱ्याची रिळं ओळीनं मांडत होतात, लाल, निळं, पांढरं, पिवळं, आणि वर न बघताच म्हणालात, "आजपासून मखमलाबादला तू जायचं नाहीस. तू आतल्या गल्ल्या बघ." मी विचारलं, का. तुम्ही म्हणालात, आत माणूस कमी आहे. आत माणूस कमी नव्हता. बाहेर ओट्यावर तीन हमाल रिकामे बसून तंबाखू मळत होते. ते मला दिसत होते आणि तुम्हालाही दिसत होते. तेव्हाच मी ठरवून टाकलं की हा माणूस खोटं बोलतो. आणि एकदा एखादा खोटं बोलताना सापडला की त्याचं मागचं सगळं बोलणं उलटंपालटं करून बघायची मला खोड आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी तुमची चौकशी मी बंद केलेली नाही.

हे लिहितोय ते त्याच टेबलावर. गाळा मालकानं विकलाय, इथं मोबाइलचं दुकान होणार आहे. उरलंसुरलं न्यायला मी दुपारचा आलो, तर टेबल अजून जागेवर, त्यावर तुमच्या चहाच्या कपाची गोल खूणही तशीच. बाहेर दोन ट्रक इंजिन चालू ठेवून उभे आहेत. आत मेन रोडला जायला जागा नाही म्हणून उभे आहेत, आणि ते उभे आहेत म्हणून मागच्यांना जागा नाही. तुम्ही असता तर उठून गेला असता आणि ड्रायव्हरच्या दारावर थाप मारून म्हणाला असता, बाबा रे, बंद कर, समोरच्या माडीवर लेकरू झोपलंय. मला पहिल्याच आठवड्यात ती थाप बसली होती, दारावर नाही, पाठीवर. दहीपुलाजवळ एका दुकानात माल उतरवताना टेम्पो धडधडत ठेवून मी पावतीवर सही घेत होतो. तुम्ही मागून आलात, किल्ली फिरवलीत आणि चारचौघांत म्हणालात, "तुझा वेळ वाचला. या गल्लीनं किती धूर खाल्ला?" दुकानदार हसला. मला तो धूर वगैरे काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की आपला अपमान झाला.

तुम्ही खरे मास्तर नव्हता. रेल्वेच्या पार्सल खिडकीवर तुमची नोकरी झाली होती, देवळालीला, तिथून ते नाव मागं लागलं. निवृत्त होऊन या गाळ्यात कारकुनी करायला आलात आणि बसल्या जागी गावाचा नकाशा काढलात. मोठा ट्रक आत न्यायचाच नाही. तो बाहेर नाक्यावर रिकामा करायचा आणि मालाची वाटणी दुकानाप्रमाणं न करता गल्लीप्रमाणं करायची. पाच दुकानदारांचे पाच टेम्पो एकाच गल्लीत एकमेकांना आडवे जातात, त्याऐवजी एका गल्लीची एक हातगाडी. लाल दोरा मेन रोडचा, निळा रविवार कारंज्याचा, पांढरा पंचवटीचा, पिवळा दहीपूल आणि फुलबाजाराचा. हमालांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण रंग सगळ्यांना दिसत होते. नगावर दोरा दिसला की काही विचारायचं नाही, त्या गल्लीत न्यायचा; तिथं पोचलं की ज्याचा माल तो ओळखतो. आणि बाहेर जाणारा टेम्पो रिकामा जाऊ द्यायचा नाही. फुलबाजारात झेंडू खाली झाला की शेतकऱ्यांच्या रिकाम्या पाट्या हातगाडीवर गाळ्यात यायच्या, इथून टेम्पोत चढून मखमलाबादला मळ्यावर जायच्या, आणि येताना तोच टेम्पो मेथी-कोथिंबीर भरून यायचा. ते तुम्ही मला पहिल्यांदा समजावलंत तेव्हा मी मनात म्हणालो, या म्हाताऱ्याला यात काय मिळतं? काही मिळाल्याशिवाय कुणी एवढं करत नाही, हे माझं तेव्हाचं शहाणपण.

मी सेकंड इयरला होतो. होतो म्हणजे नावापुरता. हमाल मला 'ए कॉलेज' अशीच हाक मारायचे. सुट्टीत टेम्पोवर आलो आणि सुट्टी संपली तरी गेलो नाही, कारण मखमलाबादची फेरी दुपारी बाराची होती आणि अकाउंट्सचा तासही बाराचाच. मळ्याच्या बांधावर पाट्या मोजून घ्यायला ती यायची. त्यांची झेंडूची आणि पालेभाजीची शेती, थोरला भाऊ फुलबाजारात बसायचा, ही घरचं बघायची. पाट्यांच्या कडीला त्यांच्या घरची खूण म्हणून हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. पहिल्या दिवशी तिनं मोजल्या आणि म्हणाली, एक कमी आहे. मी म्हणालो, नाही. तिनं परत मोजल्या आणि म्हणाली, तुम्ही कॉलेजात शिकता म्हणे, मग एकोणीसनंतर काय येतं ते माहीत असेल. मी त्याच दुपारी फुलबाजारात परत जाऊन ती विसावी पाटी शोधून आणली. मास्तर, माझं अकाउंट्स तिथं संपलं.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. फुलं ओली राहावीत म्हणून पाटीच्या तळाला गोणपाटाचा तुकडा असतो, त्याच्याखाली घडी घालून ठेवायची आणि ती पाटी सगळ्यांत वर रचायची. ती उत्तर लिहीत नसे. एकदा दोन पेरू ठेवले होते, आणि एकदा वहीच्या अर्ध्या पानावर एकच ओळ: परीक्षेचा फॉर्म भरलास का? ती वाचून मला आनंद व्हायला हवा होता, ती मला 'तू' म्हणाली होती. पण मला आला संशय. माझ्या फॉर्मची चौकशी जगात एकच माणूस करत होता. तुम्ही. त्याच आठवड्यात तुम्ही मला मागच्या खोलीत नेऊन स्टोव्हवर पिठलं टाकलंत, आणि ताटात वाढता वाढता म्हणालात की हमाली करायला हरकत नाही, पण पळून येऊन करू नये, मग ती जड जाते. मला वाटलं, हे दोघं माझ्यामागं बोलतात. पुढचे चार दिवस मी तुमच्या प्रत्येक वाक्यात तिचं वाक्य शोधत होतो.

त्या पिठल्याच्या दिवशीच तुम्ही मला दाभण दिलंत. तुमचं स्वतःचं, पार्सल ऑफिसातलं, शिसवी मुठीचं. म्हणालात, गोणीला दोरा वरून गुंडाळू नको, घासून तुटतो. दाभणानं आरपार ओव आणि गाठ मार, म्हणजे नग कुठंही गेला तरी आपला पत्ता विसरणार नाही. मी ते घेतलं आणि विचार केला, आता हा माझ्याकडून जास्तीचं काम काढणार. असा मी.

फेरी गेल्यावर मी सगळं जुळवलं. आदल्याच दिवशी मी तिला शेवटची मोठी चिठ्ठी पाठवली होती. तिच्यात लिहिलं होतं की आपण निघू, माझा मित्र एकलहऱ्याला असतो, तिथं खोलीची सोय होईल. त्या दिवशी बांधावर तिची आई उभी होती म्हणून मी मान खाली घालून पाट्या भराभर उतरवल्या आणि परत फिरलो. पाटी तिच्या हातात गेली असणार असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फेरी काढून घेतलीत. आठवड्यात कळलं की तिला विंचूरकडच्या लोकांनी पाहिलं आणि लग्न ठरलं. आता यात न समजण्यासारखं काय होतं? गाळ्यातून बाहेर जाणारी प्रत्येक पाटी तुमच्या नजरेखालून जायची. तुम्ही चिठ्ठी काढलीत, वाचलीत आणि तिच्या भावाच्या हातात दिलीत. घरोबा वाढवायला, शेतकरी तुमच्या योजनेत टिकवायला. मी तुम्हाला विचारलं नाही. विचारलं तर तुम्ही परत 'माणूस कमी आहे' म्हणाला असता, आणि दुसरं खोटं ऐकायची माझी तयारी नव्हती.

आणि मग ते तीन दिवस आले. कितीतरी महिने तुम्ही महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, तेव्हा कुठं एक साहेब तयार झाले. तीन दिवस चार गल्ल्यांचा सगळा माल तुमच्या पद्धतीनं जाईल, तिसऱ्या दिवशी साहेब आणि व्यापाऱ्यांचे चार पुढारी रविवार कारंज्यावर उभं राहून बघतील. जमलं तर दिवसा ट्रकला आत बंदी आणि नाक्याबाहेरची मोकळी जागा माल उतरवायला. पहिले दोन दिवस जमलं. मास्तर, अगदी छान जमलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेन रोडला एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध थांबून इकडंतिकडं बघत होती, कुणाला वाट द्यायची ते तिला कळेना, कारण कुणी मागतच नव्हतं. तुम्ही ते बघितलंत आणि चष्मा पुसलात. मी शेजारी उभा होतो. माझ्या मनात आलं, मखमलाबादला तिचं लग्न लावून दिलंत आणि आता तुमचं गावही सुरळीत चालणार, मला काय मिळालं?

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाळ्यात आलो. नग रात्रीच बांधून ठेवलेले होते, तुम्ही मागं नळावर आंघोळ आणि कपडे उरकत होतात. मी तुमच्याच दाभणानं गाठी सोडल्या आणि पंचवटीचे पांढरे दोरे कारंज्याच्या मालाला, कारंज्याचे निळे पंचवटीच्या मालाला ओवले. चाळीसेक नग असतील. गाठी अगदी तुम्ही शिकवल्या तशा मारल्या.

साडेअकराला रविवार कारंज्यावर सात हातगाड्या एकमेकींना भिडल्या. पंचवटीच्या औषधाच्या दुकानाचे खोके बांगड्यांच्या दुकानासमोर आणि बांगड्या पलीकडं, नदी ओलांडून. परत फिरणाऱ्या गाड्या आणि येणाऱ्या गाड्या, मागं रिक्षांचे भोंगे. साहेब नाकाला रुमाल लावून उभे. एक कापडवाला पुढारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, दोरे-गंडे बांधून माल पोचत असता, तर आम्ही घाटावरच्या बाबालाच नेमला असता की." लोक हसले. साहेबांनी विचारलं, हे दोरे कोण बांधतं? आपले हमालांचे मुकादम माझ्याकडं बघायला लागले, कारण गेला महिनाभर ते मीच बांधत होतो. तुम्ही पुढं झालात आणि म्हणालात, "गाठी मी मारल्यात. चूक माझी आहे." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, कळवू. कुणी कळवलं नाही. मी तिथूनच निघून गेलो, आणि जाताना मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हा माणूस अपराधी आहे, म्हणूनच माझं पाप अंगावर घेतोय. तुमचा चांगुलपणा मी तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून जमा केला.

त्याच थंडीत तुम्ही गेलात. छातीचं दुखणं होतं म्हणे. मी अमरधामला आलो होतो, लांब उभा राहिलो. तिचा भाऊ पुढं होता, लाकडं उचलत होता. बघा, म्हटलं, संगनमत.

तीन वर्षांपूर्वी पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ चहाच्या टपरीवर मुकादम भेटले. आता कामाला जात नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मी माझ्या टेम्पोत बसवून त्यांना घरी सोडत होतो. बोलता बोलता तुमचा विषय निघाला आणि ते हसायलाच लागले. म्हणाले, "लय गुणाचा होतास तू, कॉलेज. ती पाटी मीच नेली की रं परत." मी टेम्पो बाजूला घेतला. इंजिन बंद केलं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मजेत. त्या दिवशी आणखी दोन मळेवाल्यांच्या पाट्या आल्या होत्या, गाळ्यात हा ढीग झाला होता. त्या ढिगात एका रिकाम्या पाटीला पिवळा दोरा. त्यांना वाटलं, दहीपुलाचा नग चुकून बाहेरच्या मालात गेला. मी चहाला गेलो होतो. त्यांनी पाटी उचलली, आत जाणाऱ्या हातगाडीवर टाकली आणि फुलबाजारात नेऊन विचारलं, कुणाची रे ही? हिरवी चिंधी बघून तिच्या भावानं हात वर केला. सकाळीच दिलेली पाटी परत का आली म्हणून त्यानं ती पालथी केली. पुढचं सांगायला नको.

भाऊ संध्याकाळी गाळ्यात आला होता, चिठ्ठी खिशात आणि हातात ऊस तोडायचा कोयता. मुकादम तिथंच होते. तुम्ही त्याला मागच्या खोलीत नेलंत, चहा दिलात आणि सांगितलंत की पोराला मी उद्यापासून तिकडं पाठवत नाही, पण मुलीचं नाव या गाळ्यात निघता कामा नये, तुझ्याही तोंडून नाही आणि माझ्याही. मुकादमांनाही शपथ घातलीत. "मास्तरला शब्द दिला व्हता," ते म्हणाले, "न्हाईतर तुला कवाच सांगितलं असतं. म्हंजी मला वाटलं, तुला म्हाईतच हाय." मग म्हणाले, दोरा दिसला की न्यायचा, विचारायचं नाही, ही मास्तरची शिकवण. त्यात आपली काय चूक नाय.

नाहीच. कुणाचीच नव्हती. गावातला एकही नग त्या दिवशी चुकला नव्हता. माझी चिठ्ठीसुद्धा तिच्यावरच्या दोऱ्याप्रमाणं बरोब्बर पोचली होती.

तरी मी तीन वर्षं लिहिलं नाही, कारण मुकादमांवरही माझा विश्वास बसेना. म्हाताऱ्याला तुमचा कळवळा, तो तुमची बाजू घेणारच. पण गेल्या आठवड्यात इथं एक मुलगा आणि एक मुलगी आले, गळ्यात ओळखपत्रं, हातात फॉर्म. शहरात मालवाहतूक कशी करावी याचा काहीतरी आराखडा होतोय, त्यासाठी टेम्पोवाल्यांना विचारत होते: आत किती वेळ थांबता, परत रिकामे जाता का. आधी मला वाटलं, दंड लावायला आलेत. मग ती मुलगी म्हणाली, गल्लीवार वाटणी केली तर जमेल का हो काका? मी एकतिसाव्या वर्षी काका झालो, तेही सोसलं, आणि तुमचं सगळं सांगितलं, रंग, रिकाम्या पाट्या, हातगाड्या, ती म्हातारी. दोघं भराभर लिहीत होते. मुलीनं विचारलं, मग बंद का पडलं? मी म्हणालो, लोकांना जमलं नाही. तिनं ते लिहून घेतलं. माझ्यासमोर, फॉर्मवर, निळ्या शाईत: लोकांना जमलं नाही. दुसऱ्यांदा तुमच्या दोऱ्यांची अदलाबदल केली मी, आणि या वेळी तर राग यावा असं तुम्ही काही केलेलंही नव्हतं. तिनं जाताना फोन नंबर दिलाय. तो टेबलावर समोर आहे. तिला फोन करून खरं सांगणार आहे, पण आधी तुम्हाला.

गाठी मी बदलल्या हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं राहिलंय ते अगदी एवढंसं आहे. त्या दिवशी ढिगात तिची पाटी हरवू नये म्हणून मला खूण हवी होती. साधी सुतळी चालली असती. सुतळीचा गुंडा तुमच्या या खणात होता. तो मागितला असता तर तुम्ही विचारलं असतं, कशाला रे? रागानं नाही, सहज. मला ते 'कशाला' नको होतं. म्हणून माझ्या खिशात जो तुकडा होता तो मी बांधला. पिवळा कुठं जातो हे मला माहीत होतं, मास्तर. तुमच्या सगळ्या रंगांत तो एकच मला पहिल्या दिवसापासून पाठ होता, कारण तिचा भाऊ तिथं बसायचा.

खण आत्ता उघडून बघितला. गुंडा आहे, उंदरांनी थोडा कुरतडलाय. हा कागद घडी करून त्याच्याखालीच ठेवतोय, दुकानवाले टेबलासकट भंगारात देतील. दाभण आणि तो फोन नंबर शर्टाच्या खिशात घेतलाय. बाहेरचे दोन्ही ट्रक अजून धडधडतायत, जाता जाता त्यांच्या दारावर थाप मारीन. आता उठतो. गाळ्याच्या फळ्या फुगल्यात, दार एका ओढीत बसत नाही. दोनदा ओढीन, बाहेरून कडी घालीन.